गळ गंगाबलला, तयारी कॅम्प २ मध्ये

ऑगस्टच्या शेवटी उल्हासनगर कॅम्प २ मध्ये कुणी 'उन्हाळा सरत आला' म्हणालं, तर ऐकणारा आधी त्याच्याकडे आणि मग आभाळाकडे बघेल. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट असतात, फर्निचर बाजारातल्या लाकडाला ओलसर वास येत असतो आणि कर्जत लोकल वेळेवर येईल यावर कुणी पैज लावत नाही. काश्मीरच्या उंच तलावांवर मात्र त्याच दिवसांत खरोखर उन्हाळा सरत असतो. खिंडीतला बर्फ गेलेला असतो, कुरणांचा हिरवा रंग तांबूस होऊ लागतो, गुज्जर-बकरवाल मेंढ्या घेऊन उतरायच्या बेतात असतात. पाण्यातला ब्राउन ट्राउट पुढच्या थंडीची बेगमी म्हणून दिसेल तो किडा गिळत असतो. गरवायची हौस असणाऱ्यांसाठी वर्षातले हे तीन-चार आठवडे सोन्यासारखे.

त्यातला एकच तलाव इथे निवडला आहे, हरमुख पर्वताच्या पायथ्याचा गंगाबल. लांबी अडीच किलोमीटरहून अधिक, उंची समुद्रसपाटीपासून ३,५७५ मीटर, आणि काठापर्यंत गाडीरस्ता नाही. विशनसर, कृष्णसर, गडसर हेही ट्राउटचेच तलाव. पण त्यांना जोडणारी सोनमर्ग ते नारानाग ही वाट सत्तर किलोमीटरच्या घरात आहे आणि मधल्या खिंडी चार हजार मीटरच्या वर चढतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो मोह टाळावा. नारानागहून थेट गंगाबल गाठावा. चढ खडा आहे, पण अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, आणि काही बिनसलं तर त्याच वाटेने खाली येता येतं.

कॅम्प २ च्या वाचकाला गंगाबल वाटतो तितका परका नाही. या तलावाचं पाणी नंदकोल या धाकट्या तलावात उतरतं, तिथून वांगत नाल्याने काश्मीरमधल्या सिंध नदीला मिळतं, मग झेलम, मग चिनाब आणि शेवटी सिंधू. म्हणजे फाळणीत ज्या नदीचा काठ सोडून लोक कल्याणच्या लष्करी छावणीत आले, त्याच नदीचा हा एक उगम. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीचं उल्हासनगर केलं, तरी इथल्या देव्हाऱ्यांतले झुलेलाल आजही पल्ला माशावरच बसलेले असतात. समुद्रातून सिंधूत चढून येणाऱ्या त्या पल्ल्याची वाट १९५५ मध्ये कोटरीच्या बंधाऱ्याने अडवली. वरच्या टोकाला मात्र आता दुसराच मासा नांदतो आहे.

आणि तो मूळचा तिथला नाही. १८९९ मध्ये इंग्लंडहून बोटीने पाठवलेली ट्राउटची दहा हजार अंडी वाटेतच गेली. पुढच्या वर्षीच्या खेपेतली पिल्लं तगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांच्या खटपटीने ती वाढली आणि हळूहळू खोऱ्यातल्या ओढ्यानाल्यांत सोडली गेली. तिथल्या देशी माशांना या पाहुण्याची झळ बसलीच. आपल्याकडे उलटा प्रयोग झाला. लोणावळ्याला टाटांच्या वाळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून इथल्याच खडशीची, म्हणजे महसीरची, पैदास केली गेली. त्यात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि डॉ. शशांक ओगले या मत्स्यशास्त्रज्ञांचं काम मोठं. खडशीचं बी तिथून इतर राज्यांतही गेलं.

आता बेत. तिकिटं बघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं.

ट्राउटचा हंगाम काश्मिरात एप्रिल ते सप्टेंबर. ऑक्टोबरपासून ब्राउन ट्राउट अंडी घालायला लागतो, म्हणून तेव्हा बंदी. याचा अर्थ उशिरात उशिरा सप्टेंबरच्या अखेरीला गळ गुंडाळावा लागतो. दुसऱ्या टोकाला अमरनाथ यात्रा आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते त्या दिवशी ती यात्रा परंपरेने संपते. तोवर श्रीनगर-कंगन-सोनमर्ग रस्त्यावर ताफे, बंदोबस्त आणि चढे दर. ती आटोपली की रस्ताही मोकळा आणि घोडेवालेही. तेव्हा नारळी पौर्णिमा ते ३० सप्टेंबर एवढीच खिडकी.

पण याच खिडकीत आपले सगळे सण येऊन बसतात. श्रावण, गणपती, गौरी, पितृपक्ष. सिंधी घरांत जुलैच्या मध्यापासून चाळीस दिवसांचा चालिहो. २०२६ चं उदाहरण घ्या. अधिक ज्येष्ठामुळे सगळंच पुढे ढकललं गेलं. श्रावण संपतो ११ सप्टेंबरला, गणेशचतुर्थी १४ ला, अनंत चतुर्दशी २५ ला, आणि लगेच पितृपक्ष. दीड दिवसाचा गणपती असलेल्यांना १६ तारखेपासून मोकळीक. दहा दिवसांचा असलेल्यांनी घरच्यांशी आधी बोलून घ्यावं, नाहीतर सरळ पुढच्या वर्षीचा बेत करावा. खाण्याचा प्रश्न मात्र दिसतो तितका अवघड नाही. धरून पुन्हा पाण्यात सोडलेल्या माशाने श्रावण मोडतो असं कुठल्याच आजीने अजून सांगितलेलं नाही.

एक तिथी आवर्जून टाळावी. भाद्रपद शुद्ध अष्टमीला, म्हणजे आपल्याकडे गौरींची लगबग चालू असते त्याच सुमारास, काश्मिरी पंडित गंगाबलची यात्रा करतात. त्यांच्यासाठी हे पाणी गंगेच्या जागी आहे, अस्थी तिथे सोडल्या जातात. कित्येक वर्षं बंद पडलेली ही यात्रा २००९ पासून पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी काठावर रॉड घेऊन उभं राहणं म्हणजे चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी जाळं टाकण्यासारखं. दोन दिवस आधी किंवा नंतर जावं.

दुसरी चौकशी सुरक्षिततेची. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात डोंबिवलीचे तिघे गेले. या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात काश्मीरचं नाव काढलं की आधी तोच विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. हल्ल्यानंतर खोऱ्यातल्या ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ बंद केली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडत गेली. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी गंगाबलची वाट त्या महिन्यात खुली आहे का, हे जम्मू-काश्मीरच्या पर्यटन विभागाकडून विचारून घ्यावं. ट्रेक नेणाऱ्या कंपनीचं 'हो हो, चालू आहे' पुरेसं नाही. बंद असेल तर हट्ट करू नये. हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरला सुरू होते, त्यामुळे पितृपक्ष उलटल्यावरही ऑक्टोबरात तीर्थन खोरं किंवा बरोट गाठता येतं. बरोटला उहल नदी अडवून शानन वीजघरासाठी बांधलेला जुना जलाशय आहे. गंगाबलची सर त्याला नाही, पण मासा तोच.

परवाना मत्स्य विभागाचा. श्रीनगरात त्याचं संचालनालय आहे. जाण्याआधी विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे नियम आणि शुल्क पाहून ठेवावं. तिथल्या ओढ्यांचे 'बीट' पाडलेले आहेत, आणि एका बीटवर दिवसाला ठरावीक रॉडनाच परवानगी मिळते. परवाना माणसागणिक आणि दिवसागणिक असतो. तो हातात आला की घडी घालून खिशात टाकू नये, नीट वाचावा. कोणत्या पाण्यासाठी आहे, कोणतं आमिष चालतं, दिवसाला किती मासे ठेवता येतात आणि किती लांबीच्या आतला सोडावाच लागतो, हे सगळं त्यावर अवलंबून आहे. उल्हास नदीच्या काठी कणकेची गोळी लावून बसलेल्याला कुणी कागद विचारत नाही. ती सवय सोबत नेऊ नये.

कागदांबरोबर मूळ आधार कार्ड ठेवावं, झेरॉक्स नव्हे. वरच्या वाटांवर लष्कराच्या चौक्या असतात आणि ओळखपत्र बघतात. मोबाइलचं आणखी एक. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात बंद पडतं, पोस्टपेड चालतं. चार जणांच्या गटात निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड असावं, आणि तलावावर तेही चालेल असं धरू नये. घरी सांगून ठेवावं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फोन लागणार नाही. नाहीतर तिकडे मासा लागलेला असतो आणि इकडे पोलीस चौकीत तक्रार.

श्रीनगर गाठायला मुंबईहून विमान सोपं. रेल्वेची आवड असेल तर कल्याणहून दिल्ली, दिल्लीहून कटरा आणि तिथून श्रीनगर असा नवा मार्ग झाला आहे. चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाणारी कटरा-श्रीनगर वंदे भारत जून २०२५ मध्ये सुरू झाली. तो पूल बघण्यासाठी येताना रेल्वे आणि जाताना विमान असंही करता येईल. कसंही गेलं तरी दोन्ही टोकांना एकेक दिवस मोकळा ठेवावा, आणि यात काटकसर करू नये. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं, हे बदलापूरकर विसरलेले नाहीत. तिकडचा सप्टेंबरही दरवेळी कोरडा नसतो. २०१४ च्या सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यातल्या पावसाने झेलम श्रीनगरात शिरली होती, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेरीस जम्मू भागातल्या पावसाने रस्ते आणि रेल्वे दोन्ही थांबले. सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्रीच विमानतळाच्या जवळपास मुक्कामाला जावं. शहाडहून पहाटेची लोकल पकडून विमान गाठण्याची फुशारकी एखाद्या वर्षी महागात पडते.

सामानाचं म्हणाल तर कॅम्प २ हे त्यासाठी वाईट ठिकाण मुळीच नाही. फ्लाय रॉड चार तुकड्यांत सुटा होतो, पण टोकाचा तुकडा काडीसारखा नाजूक. बाजारातली रॉडची नळी महाग. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा अडीच-तीन फुटी तुकडा घ्यावा. एका तोंडाला टोपी सोल्युशनने कायमची चिकटवावी, दुसऱ्या तोंडाला स्क्रूची टोपी, आणि आत जुन्या फोमची पट्टी. शिवणकामाच्या दुकानातून खांद्याचा पट्टा शिवून घेतला की नळी तयार. 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा, इथे अगदी सार्थ ठरतो. विमानाने जाताना गळ, चाकू आणि पक्कड चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. स्वयंपाकाच्या गॅसचा डबा विमानात चालतच नाही, तो श्रीनगरला घ्यावा. येताना श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोचावं, कारण तिथली तपासणी बाहेरच्या फाटकापासूनच सुरू होते.

जीन्स घरी ठेवावी. उल्हासनगरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे नाशिककराला द्राक्षं खाऊ नको म्हणण्यासारखं, पण डेनिम म्हणजे सुती कापड. एकदा भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. गंगाबलला सप्टेंबरच्या रात्री पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरी कपडा, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, असे तीन थर. रंग मात्र मातकट किंवा गवती. लाल-पिवळ्या टी-शर्टवाल्याला मासा आधी बघतो.

रॉडबद्दल थोडक्यात. नऊ फुटी, पाच नंबरचा फ्लाय रॉड, त्याच नंबरची तरंगती लाइन, पुढे निमुळता होत जाणारा लीडर, आणि पंधरा-वीस माश्या. या माश्या म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेले खोटे किडे. काही तरंगणाऱ्या, काही बुडणाऱ्या. पोलराइज्ड गॉगल चैनीचा वाटतो, पण पाण्यावरची चकाकी कापून तो आतला मासा दाखवतो, आणि वाऱ्याने उलट आलेल्या गळापासून डोळाही वाचवतो.

सगळ्यात मोठी अडचण माशी टाकण्याची. पवई, बारवी किंवा उल्हासकाठी गरवणाऱ्याची सवय वेगळी असते. तंगुसाला शिसं बांधलेलं, शिसं उडतं आणि मागून दोरी जाते. फ्लायमध्ये आमिषाला वजनच नसतं. वजन असतं जाड लाइनला, आणि तीच आमिषाला ओढत नेते. त्यामुळे हात घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्येच हलवायचा, मागे नेल्यावर लाइन पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचं, आणि मगच पुढे. हा थांबा शिकायला महिना लागतो. तो महिना गोल मैदानात घालवावा. पहाटे, गवतावर, गळ न लावता टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून. वीस पावलांवर एक स्टीलचं ताट ठेवायचं आणि लोकर त्यात पडेपर्यंत टाकत राहायचं. मॉर्निंग वॉकवाले पहिले चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी एखादा 'जरा मला देऊन बघा' म्हणेल. पाण्यावर सराव हवा असेल तर १९५५ पासून चालत आलेली महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन पवई तलावाकाठी आहे. तिच्या अटी विचारून घ्याव्यात. तिथे कटला-रोहूची ओढ अनुभवता येईल, पण पाण्यात पाय सोडून बसू नये. पवईत मगरी आहेत.

हात तयार होईतो पायही करावेत. उल्हासनगर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर. नारानाग साधारण २,१०० मीटरवर आणि गंगाबल त्याच्याही वर चौदाशे-पंधराशे मीटर. जिममधल्या ट्रेडमिलपेक्षा श्रीमलंगगडाच्या पायऱ्या बऱ्या. आठवड्यातून एकदा, पाठीवर आठ किलो घेऊन, आणि उतरतानाही न धावता. चंदेरीचा मोह पावसाळ्यात नको, तिथला कातळ निसरडा होतो. नव्या बुटांनी गंगाबलला जाऊ नये हे सगळेच सांगतात आणि तरी दर वर्षी कुणीतरी जातोच.

उंचीचा त्रास तंदुरुस्तीवर ठरत नाही. रोज धावणारा आडवा पडतो आणि ढेरपोट्या मजेत असतो, असंही घडतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा साधारण सल्ला. म्हणून श्रीनगरला एक-दोन रात्री, नारानागला एक, मग मधल्या ट्रुंखोलच्या कुरणावर एक, आणि पुढे तलाव. एका दिवसात वर पोचवू म्हणणारे भेटतील. घाई त्यांना असते. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र असो वा पाऊस, लगेच खाली उतरायचं. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी कुणी सांगितली म्हणून घेऊ नये. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी तपासणी करूनच तिकीट काढावं. विम्याच्या पॉलिसीत किती उंचीपर्यंतचा ट्रेक बसतो, ती बारीक ओळही वाचावी.

नारानागला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नसतं, आणि ते बरंच. गावात आठव्या शतकातल्या शिवमंदिरांचे भग्न अवशेष आहेत, ललितादित्याच्या काळाशी जोडले जाणारे. अंबरनाथचं १०६० मधलं शिलाहारांचं मंदिर पाहिलेल्याला ते दगड ओळखीचे वाटतील. दोन्हीकडे देवळाशेजारून पाणी वाहतं. अंबरनाथच्या वालधुनीचा रंग कारखान्यांनी काय करून ठेवला आहे ते पट्ट्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नारानागच्या ओढ्यात तळाचे गोटे मोजता येतात.

घोडेवाला याच गावात ठरवावा. दर आधी बोलावा, दिवस मोजून, आणि वरच्या मुक्कामाचा खर्च कुणाचा तेही. सामान घोड्यावर टाकलं तरी पाऊसकोट, पाणी, औषधं आणि परवाना आपल्याच पाठीवर ठेवावा. पहिल्या अर्ध्या वाटेत पाइनच्या झाडीतून नुसता चढ आहे. मेंढपाळांच्या ढोकांजवळून, म्हणजे झोपड्यांजवळून, जाताना कुत्र्यांपासून अंतर राखावं. ते राखणदार आहेत, लाड करून घेणारे नव्हेत.

आणि आता पाणी.

पोचल्या पोचल्या रॉड जोडण्याची घाई जवळपास सगळेच करतात. त्याऐवजी अर्धा तास बसून नुसतं बघावं. नदीतला ट्राउट एका जागी ठाण मांडून अन्नाची वाट बघतो. तलावात प्रवाह नाही, म्हणून मासा स्वतः गस्त घालतो, बहुधा काठाच्या समांतर. एकाच खडकाजवळून दर काही मिनिटांनी तोच मासा जाताना दिसला की त्याची फेरी कळते. मग तो आल्यावर त्याच्या डोक्यावर माशी आपटण्यापेक्षा तो येण्याआधी त्याच्या वाटेत ती टेकवून ठेवायची. ओढे तलावाला मिळतात ती तोंडं आणि गंगाबलचं पाणी नंदकोलकडे निघतं ती जागा, इथे पाण्याबरोबर किडे येतात, मासाही येतो. दुपारी वारा सुटला की ज्या काठावर लाटा आपटतात तो काठ धरावा, कारण पडलेले किडे वाऱ्याने तिकडेच जमतात. टाकायला त्रास होतो, पण मासे तिथे असतात.

पहाट आणि तिन्हीसांज या वेळा चांगल्या. काठावर ताठ उभं राहू नये. माशाला वरचं जग पाण्याच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि जो बुटका होतो तो त्या खिडकीच्या कडेला सरकतो. पाण्यापासून चार पावलं मागे, गुडघ्यावर. आपली सावली पाण्यावर पडते का तेही बघावं. पाय आपटू नयेत, काठाची थरथर पाण्यात जाते.

मासा लागला की रॉडचं टोक वर, आणि रीलला तिचं काम करू द्यावं. कटल्यासारखा हा जड ओढत नाही, झटके देतो, कधी पाण्याबाहेर उसळी घेतो. त्याला दमवत बसू नये, लवकर काठाशी आणावा. सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवून ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर गेला की माशाला रोग लागतो. गळाचा उलटा काटा निघण्याआधीच पकडीने दाबून ठेवलेला असेल तर गळ चिमटीत धरून एका वळणात सुटतो. कल्ल्यांत बोट घालायचं नाही, पोट दाबायचं नाही. फोटो हवा तर सोबत्याने कॅमेरा आधी तयार ठेवावा आणि मासा पाण्याबाहेर असेपर्यंत आपणही श्वास रोखून धरावा. आपला जीव कासावीस झाला की त्याचाही झालेला असतो. मग डोकं पुढे करून पाण्यात धरायचा. कल्ले नीट हलू लागले की तो स्वतःच शेपटी मारून जातो, हात ओला करून.

ढग गडगडले तर रॉड खाली ठेवून लांब व्हावं. कार्बनचा रॉड विजेला वाट देतो, आणि उघड्या काठावर नऊ फूट उंच दुसरं काहीच नसतं. दुपारनंतरची वादळं तिथे नेहमीची.

ठेवायचा मासा ठरवला की डोक्यावर एकच फटका देऊन लगेच मारावा, तडफडत ठेवू नये. साफ करायची जागा पाण्यापासून लांब. ट्राउटची खवलं इतकी बारीक की खरवडावी लागत नाहीत. मीठ, हळद, लिंबू आणि तव्यावर थोडं तेल, बस्स. आगरी-कोळी मसाला घेऊन जाणारे घेऊन जातातच, पण या माशाचं मांस नाजूक आहे, मसाल्याखाली ते हरवतं. डाळ-भाताचा बेत असेल तर छोटा कुकर न्यावा. त्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कोकी मात्र न्यावीच. कांदा न घालता, दोन्हीकडून नीट भाजलेली कोकी दोन-तीन दिवस सहज टिकते. तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी असली की गळाला काही नाही लागलं तरी जेवण अडत नाही. झुडपं तोडून चूल पेटवू नये. त्या उंचीवर बोटाएवढ्या फांदीला वाढायला वर्षं लागतात. तुटलेला तंगूस तर एक वीतभरही काठावर टाकू नये, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. सगळा कचरा नारानागला परत.

एकूण दिवस नऊ धरावेत. श्रीनगरला दोन, नारानाग एक, ट्रुंखोल एक, तलावावर दोन, उतरायला एक, हवेसाठी राखीव एक आणि परतीचा एक. नऊ दिवसांत प्रत्यक्ष गळ पाण्यात असेल तो दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी. हा हिशेब पटत नसेल त्याने पवईचं सभासदत्व घ्यावं, पैसेही वाचतील.

पटत असेल तर वाट खुली असल्याची चौकशी, परवान्याची माहिती आणि रजेचा अर्ज, तिन्ही जुलैतच उरकावं, मंडळाची पोरं वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहण्याआधी.